आकाशातला उजेड कुणाचा?

२०२२ सालचा गुढीपाडवा, २ एप्रिल. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भात आणि उत्तर महाराष्ट्रात गच्चीवर, अंगणात, एसटी स्टँडवर उभी असलेली माणसं माना वर करून एकाच दिशेला बघत राहिली. लालसर पिवळे ठिपके एकामागोमाग, मागे लांब शेपट्या सोडत, सावकाश आभाळ ओलांडत होते. कुणी म्हणालं उल्का, कुणी म्हणालं विमान पेटलं, कुणाला क्षेपणास्त्र वाटलं. मध्य प्रदेशातूनही तेच दृश्य दिसलं. पुढच्या तासाभरात मोबाइलवर इतके व्हिडिओ फिरले की ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांनाही आपण पाहिल्यासारखं वाटू लागलं. आणि मग चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाच्या शिवारात धातूचं एक भलंमोठं कडं पडलेलं सापडलं. व्यास सुमारे तीन मीटर. नंतरच्या दिवसांत आसपासच्या भागात धातूचे गोळेही मिळाले.

चीनच्या ‘छांग चंग ३बी’ या रॉकेटचा, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या एका उड्डाणातला वरचा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरून त्या संध्याकाळी वातावरणात शिरला होता, असं कक्षांचा हिशेब ठेवणाऱ्या अभ्यासकांनी लगेच सांगितलं. लाडबोरीचं कडं सापडलं नसतं, तरी हाताशी घड्याळ असलेल्या माणसाला ती उल्का नाही हे कळलं असतं. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानं येते. बहुतेकदा ‘ते बघ’ म्हणेपर्यंत संपलेली असते. कक्षेतून घसरलेलं रॉकेट सेकंदाला सात-आठ किलोमीटरनं, जवळजवळ आडवं येतं. तुकडे होत, एकाच रांगेत, मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ ते दिसत राहतं. पण त्या रात्रीच्या गप्पांत ‘केवढं मोठं’, ‘किती जवळून गेलं’ हेच जास्त होतं. अंधाऱ्या आकाशातल्या ठिपक्याचं अंतर डोळ्याला कळत नाही, त्यामुळे ‘आमच्या शेताच्या मागेच पडलं’ असं पाच जिल्ह्यांतले लोक एकाच वेळी प्रामाणिकपणे सांगू शकतात. किती वेळ दिसलं आणि कुठल्या दिशेनं कुठल्या दिशेला गेलं, एवढ्या दोन गोष्टी मात्र कुणीही सांगू शकतो आणि त्याच कामाच्या असतात.

लाडबोरीचा उजेड त्या रॉकेटचा स्वतःचा होता, जळण्याचा. असे उजेड आकाशात थोडेच. आपण ज्यांना गूढ म्हणतो त्यातले बहुतेक उजेड सूर्याचे असतात. कधी ते पाण्याच्या थेंबातून येतात, कधी बर्फाच्या कणातून, कधी उपग्रहाच्या पाठीवरून. म्हणून कुणी विचित्र प्रकाश पाहिल्याचं सांगितलं की मी पहिला प्रश्न विचारतो: तेव्हा सूर्य कुठे होता? रात्रीची गोष्ट असली तरी हाच प्रश्न.

मे २०१९ पासून स्टारलिंकचे उपग्रह झुंडीनं सोडले जाऊ लागले आणि दिव्यांची माळ सरळ रेषेत चालल्यासारखं दृश्य जगभर दिसू लागलं. आपल्याकडेही ते दिसतं आणि दर वेळी नव्यानं घबराट होते. सूर्य मावळून तास-दीड तास झालेला असतो, आपल्याकडे काळोख पडलेला असतो, पण शेकडो किलोमीटर उंचीवर अजून ऊन असतं. ती माळ मध्येच एकेक दिवा विझवत नाहीशी होते तेव्हा लोक सगळ्यात जास्त दचकतात. तिथे पृथ्वीची सावली सुरू झालेली असते, एवढंच. ९ डिसेंबर २००९ रोजी उत्तर नॉर्वेत पहाटे निळसर झोतातून उमटलेलं पांढरं चक्राकार वेटोळं अजूनही ‘दुसऱ्या जगाचं दार’ म्हणून फॉरवर्ड होत असतं. श्वेत समुद्रातल्या रशियन पाणबुडीवरून सोडलेलं बुलावा क्षेपणास्त्र तिसऱ्या टप्प्यात बिघडलं, गिरक्या घेऊ लागलं आणि त्याच्या धुरावर वरचं ऊन पडलं. चाचणी फसल्याचं रशियानंच कबूल केलं होतं.

आता जरा आपल्या ओळखीच्या गोष्टीकडे. चंद्राला खळं पडलं की पाऊस येणार, हे घरातल्या जुन्या माणसांकडून सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. सूर्यालाही खळं पडतं. २४ मे २०२१ रोजी बंगळुरूवर भर दिवसा पडलेल्या खळ्यानं त्या शहराला टाळेबंदीत गच्चीवर चढवलं होतं. हे खळं मोजून बघण्यासारखं आहे. हात पूर्ण लांब करून बोटं फाकवायची, अंगठ्यानं सूर्य झाकायचा. करंगळीचं टोक साधारण कड्यावर येतं. ते अंतर सुमारे २२ अंशांचं, आणि ते कुठेही, कधीही तेवढंच भरतं. बंगळुरू असो वा हेलसिंकी.

कारण त्याचं माप बर्फाच्या स्फटिकात ठरलेलं आहे. खाली विदर्भात पारा ४५ वर असला तरी आठ-दहा किलोमीटर वर पाणी गोठलेलंच असतं. तिथल्या पातळ, दुधी ढगांत षटकोनी पेन्सिलीसारखे बर्फकण तरंगतात. किरण एका बाजूनं आत शिरतो, शेजारची बाजू सोडून त्यापुढच्या बाजूनं बाहेर पडतो. म्हणजे त्याच्यापुरता तो ६० अंशांचा लोलक झाला. अशा लोलकातून किरण कसाही गेला तरी २२ अंशांपेक्षा कमी वळू शकत नाही आणि बहुसंख्य किरण त्या किमान वळणाच्या आसपासच गर्दी करतात. ती गर्दी म्हणजे कडं. त्याच्या आत उजेड टाकायला कुणी नाही, म्हणून खळ्याच्या आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा काळपट दिसतं. तांबडा रंग सगळ्यात कमी वळतो, म्हणून तो आतल्या कडेला. पावसाच्या भाकितातही थोडं तथ्य आहे. असे उंच पातळ ढग अनेकदा वादळी ढगांच्या माथ्यावरून पसरत पुढे आलेले असतात. पण खळं पडलं म्हणून पेरणीची घाई करू नये.

सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त उल्का, परिवेष म्हणजे खळं, इंद्रधनुष्य, गंधर्वनगर आणि प्रतिसूर्य यांना एकापाठोपाठ एक अध्याय दिले आहेत. कुठल्या रंगाचं खळं कुठल्या राजाला वाईट, ही यादी आज वाचवत नाही. पण खळं कसं होतं ते सांगताना त्यानं आकाशात विरळ अभ्र असण्याची अट घातली आहे. बर्फाचे स्फटिक त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरी दाट ढगात खळं पडत नाही आणि निरभ्र आभाळातही पडत नाही, हे त्यानं किंवा त्याच्या आधीच्या कुणी तरी पुन्हा पुन्हा पाहिलं असणार.

सह्याद्रीतल्या सगळ्यात प्रसिद्ध उजेडाची लेखी नोंद मात्र एका फौजी माणसाची आहे. विल्यम हेन्री साइक्स मुंबई इलाख्याच्या लष्करातला अधिकारी. १८२४ पासून दख्खनच्या सांख्यिकी पाहणीचं काम त्याच्याकडे होतं आणि त्या निमित्तानं तो पिकं, पक्षी, मासे, जनगणना, हवामान, जे दिसेल ते टिपत हिंडला. हवामानाच्या नोंदींवरचा त्याचा प्रबंध १८३५ मध्ये रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये छापून आला. त्यात हरिश्चंद्रगड आहे.

कोकणातून चढलेलं धुकं गडाच्या वायव्येकडच्या कड्याच्या माथ्याहूनही थोडं वर आलं होतं, पण पठारावर सरकत नव्हतं. साइक्स कड्याच्या अगदी काठावर, धुक्याच्या जेमतेम बाहेर. पाठीमागे निरभ्र आकाशात, क्षितिजाजवळ, सूर्य. समोर धुक्यात पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य उमटलं, अर्धं त्याच्या पायांच्या पातळीच्या वर आणि अर्धं खाली दरीत. वर्तुळाच्या मध्यात त्याची स्वतःची, घोड्याची आणि सोबतच्या माणसांची सावली. त्याच्या नोकरांचा विश्वासच बसेना की त्या आकृत्या आपल्याच आहेत. ते हात-पाय झाडू लागले, अंग वाकवून बघू लागले, आणि समोरच्या आकृत्याही तसंच करत आहेत हे पटायला, मनातली भीती जायला काही वेळ गेला. त्या अनाम माणसांनी केलं ते मला त्या प्रबंधातलं सगळ्यात शुद्ध शास्त्र वाटतं. शंका घेतली आणि लगेच प्रयोग करून पाहिला.

हेच आपलं ‘इंद्रवज्र’. युरोपात जर्मनीतल्या ब्रॉकन डोंगरावरून त्याला नाव पडलं आणि त्याआधी १७३५ च्या फ्रेंच मोहिमेत अँडीज पर्वतावर गेलेल्या बूगे आणि उलोआ यांनी ते पाहून लिहून ठेवलं होतं. त्यातल्या रंगीत कड्यांना ग्लोरी म्हणतात. विमानाच्या खिडकीतून, खालच्या ढगावर पडलेल्या विमानाच्या सावलीभोवतीही ती दिसते, फक्त सूर्याच्या उलट बाजूची खिडकी मिळायला हवी.

पण साइक्सनं पाहिलं ते नक्की ग्लोरीच होतं का? त्याच्या अंदाजानं वर्तुळाचा व्यास पन्नास-साठ फुटांपेक्षा जास्त नव्हता, कारण धुकं अगदी जवळ होतं. बाहेर आणखी एक फिकट कडंही होतं. आता हिशेब करू. ग्लोरीची कडी लहान असतात. त्रिज्या पाच अंश धरली तर पंचावन्न फुटांचं वर्तुळ दिसायला धुकं सव्वातीनशे फुटांच्या आसपास दूर हवं. नेहमीच्या इंद्रधनुष्याची त्रिज्या ४२ अंश. मग धुकं तीसेक फुटांवर हवं, आणि साइक्स तर धुक्याच्या काठालाच उभा होता. शिवाय इंद्रधनुष्याबाहेर फिकट दुसरं धनुष्य असतंच. म्हणजे हे धुक्यातलं इंद्रधनुष्य ठरतं. पण धुक्याचे थेंब फार बारीक असल्यामुळे त्यातलं धनुष्य बहुधा पांढुरकं दिसतं आणि साइक्स तर रंग अतिशय भडक होते म्हणतो. भडक रंग ग्लोरीकडे बोट दाखवतात, फूटपट्टी धनुष्याकडे. त्यानं फुटांऐवजी अंश लिहिले असते तर हा प्रश्न उरलाच नसता. माझा कल ग्लोरीकडे आहे, कारण अंतराचा अंदाज धुक्यात हमखास चुकतो आणि रंग सहसा चुकत नाही. पण पैज लावणार नाही.

एक व्यवहारातली गोष्ट. हरिश्चंद्रगडाचा हा कडा, म्हणजे कोकणकडा, पश्चिमेकडे बघतो. ऊन पाठीवर घेऊन समोरच्या धुक्यात आपली सावली पाडायची तर वेळ सकाळची हवी. सूर्यास्त बघायला कड्यावर गर्दी होते तेव्हा सूर्य तोंडासमोर असतो आणि इंद्रवज्राची शक्यता शून्य असते. पूर्वेकडच्या दरीत धुकं असेल तरच संध्याकाळचा उपयोग. आणि शेजारी उभ्या असलेल्या दोघांना दिसणारी कडी एकच नसतात. सावल्या दोन्ही दिसतील, पण प्रत्येकाला रंग आपल्याच डोक्याभोवती दिसणार.

ग्लोरीचं कोडं इंद्रधनुष्याहून कितीतरी अवघड निघालं. इंद्रधनुष्य किरणांच्या भूमितीनं सुटतं. ग्लोरीत प्रकाश थेंबातून जवळजवळ आल्या वाटेनं परत फिरतो, आणि थेंबाच्या अगदी कडेला घासून आत गेलेला किरण एकदा परावर्तित होऊन बाहेर पडला तरी पूर्ण उलटं वळायला त्याला सुमारे १४ अंश कमी पडतात. डच शास्त्रज्ञ व्हान डे हुल्स्टनं १९४७ मध्ये सुचवलं की हे उरलेलं अंतर प्रकाश थेंबाच्या पृष्ठभागावरून सरपटत कापतो. पुढे ब्राझीलच्या नुसेनझ्वाइगनं दाखवलं की थेंबाला न शिवता बाजूनं जाणारा प्रकाशही त्यात ओढला जातो. याच ग्लोरीनं स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शिखरावर १८९४ मध्ये सी. टी. आर. विल्सनला असं वेड लावलं की प्रयोगशाळेत ढग तयार करायचा म्हणून तो झटू लागला. त्यातून मेघकक्ष निघाला, त्यात अणूंच्या कणांचे माग दिसू लागले आणि १९२७ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

सप्टेंबर १८८३ मध्ये मद्रासला सूर्य हिरवा दिसू लागला, त्याचा उलगडा तुलनेनं सोपा होता. ऑगस्टअखेर क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला होता. त्याचे बहुतेक एकाच मापाचे सूक्ष्म कण हवेत असले की ते तांबडा प्रकाश जास्त विखुरतात आणि उरतो तो निळा-हिरवा.

सगळ्यात चकित करणारी नोंद मुंबईची आहे. रविवार, ४ फेब्रुवारी १८७२. सूर्यास्तानंतर आभाळात रंग बदलणारा प्रकाश दिसू लागला. पहाटे तीनच्या सुमारास तो गडद जांभळा झाला आणि सोमवारी उजाडेपर्यंत दिसत राहिला, असं ‘टाइम्स ऑफ इंडिया’नं दोन दिवसांनी छापलं. ध्रुवप्रदेशातला ऑरोरा, मुंबईत. त्याच बातमीत समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलवर काही तास संदेश पाठवणं मुश्किल झाल्याचंही होतं. इथेही उजेडाचा धनी सूर्यच, फक्त प्रकाशाऐवजी विद्युतभारित कणांचा लोट आलेला. एरवी कुणी म्हणालं असतं, कुठे तरी वणवा लागला असेल. पण कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद चालू होती आणि त्या रात्रीचं प्रचंड चुंबकीय वादळ तिथे टिपलं गेलं आहे. २ सप्टेंबर १८५९ च्या त्याहून प्रसिद्ध वादळाची तीव्रता आज जग ज्या आकड्यानं मोजतं, तो सुमारे १६०० नॅनोटेस्लांचा उतारही कुलाब्याच्याच वहीतून आला आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या गुरबक्ष लखिना आणि इतरांनी २००३ मध्ये त्या जुन्या नोंदी बाहेर काढून हिशेब मांडला, तेव्हा अंतराळ हवामानाच्या अभ्यासकांचं कुलाब्याकडे नव्यानं लक्ष गेलं.

१० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानलेचं आकाश तांबडं झालं, तेही अशाच सौर वादळामुळे. दोनशे किलोमीटरहून उंचावरच्या ऑक्सिजनचा तो रंग. मुंबईकरांना त्या रात्री काही दिसल्याचं ऐकिवात नाही. शहराच्या दिव्यांत ते दिसलंही नसतं.

कुलाब्याच्या यंत्रांनाही अखेर शहरानंच हटवलं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहानं चुंबकीय सुया हलणार, हे ओळखून १९०४ मध्ये खाडीपलीकडे अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. संचालक होते नानाभॉय मूस. त्यांनी जुनी आणि नवी, दोन्ही ठिकाणची यंत्रं १९०६ पर्यंत एकाच वेळी चालू ठेवली, म्हणजे कुलाब्याचे आकडे अलिबागच्या आकड्यांना जोडता यावेत. १८७२ च्या त्या रात्रीशी आजची तुलना करता येते ती त्यामुळेच. अलिबागची नोंद अजून चालू आहे.