जुन्या संगणकाचें चित्र आणि नवा पडदा

इंग्लंडांतील एकॉर्न कंपनीनें १९८१ सालीं 'बीबीसी मायक्रो' नांवाचा संगणक बाजारांत आणला. तेथील नभोवाणी संस्थेच्या संगणक-शिक्षणाच्या उपक्रमासाठीं तो निवडला गेला होता आणि विलायतेंतील शाळाशाळांतून पोंचला. भारतांतही १९८४-८५ सालीं सरकारच्या 'क्लास' योजनेंतून निवडक शाळांस हींच यंत्रें मिळालीं.

आज एखाद्या कपाटांतून असें यंत्र निघालें, कीं तें हौसेनें नव्या सपाट पडद्यास जोडण्यांत येतें. पडदा काळाच राहतो, किंवा 'मर्यादेबाहेर' अशा अर्थाची सूचना दाखवून मिटतो. मग यंत्र मेलें असा निकाल देऊन तें भंगारवाल्याच्या स्वाधीन होतें. हा निकाल पुष्कळदां अन्यायाचा असतो. यंत्र बोलत असतें. ऐकणारास ती बोली कळत नाहीं, इतकेंच.

यंत्र जिवंत आहे कीं नाहीं, याची परीक्षा पडद्यावांचून होते. विजेचें बटण दाबतांच आधीं एक खालचा स्वर आणि लगेच एक आंखूड, उंच स्वर ऐकूं आला, तर यंत्र बहुधा शाबूत समजावें. मात्र त्यापूर्वीं वीजपुरवठ्याच्या पेटींतील जुने कपॅसिटर जाणकाराकडून बदलून घ्यावे. त्यांतील कांहींचें कवच वयोमानानें तडकतें व वीज सुरू होतांच ते फुटून उग्र धूर निघतो.

आतां बोलीचा भेद पाहूं गेल्यास तो असा. कांचनळीचा जुना दूरदर्शन-संच चित्र एकदम काढीत नसे. विजेचा बारीक किरण डावीकडून उजवीकडे एकेक ओळ ओढीत खालीं येई. युरोपांतील पद्धतींत, आणि भारतांतीलही, चित्राच्या ६२५ ओळी असत व सेकंदास २५ पूर्ण चित्रें होत. म्हणजे सेकंदास १५,६२५ ओळी. घरच्या दूरदर्शन-संचावरच चालावा म्हणून या संगणकानें हीच गति स्वीकारली. पुढें १९८७ सालीं आयबीएम कंपनीनें 'व्हीजीए' पद्धति आणली. तिची गति सेकंदास सुमारें ३१,५०० ओळी, म्हणजे जवळजवळ दुप्पट होती. पुढील संगणकांचे पडदे याच किंवा याहून अधिक गतीसाठीं बांधले गेले. त्यांपैकीं बहुतेकांस जुनी मंद गति ओळखतां येत नाहीं.

यंत्राच्या पाठीमागें चित्रासाठीं तीन वाटा आहेत. पहिली दूरदर्शनच्या एरियलची. ती सर्वांत अंधुक. दुसरी एकाच तारेची. तिच्यावरून मूळ जोडणींत काळेंपांढरेंच चित्र मिळतें, पण ज्या नव्या दूरदर्शन-संचास अशी जोडणी आहे, त्यावर तें बहुधा उमटतें. परीक्षेपुरती ही वाट उत्तम. तिसरी तांबडा, हिरवा व निळा हे रंग निरनिराळ्या तारांनीं देणारी. ती सर्वांत स्वच्छ. परंतु येथें एक धोका आहे. या तारांवर प्रत्येक रंग फक्त 'आहे' किंवा 'नाहीं' एवढेंच सांगतो, म्हणून रंग आठच होतात. आणि त्यांचा दाब व्हीजीए पडद्यास अपेक्षित असलेल्या ०.७ व्होल्टाहून कितीतरी अधिक असतो. योग्य रोधक घातल्यावांचून ही तार नव्या उपकरणास जोडूं नये.

यास उपाय दुभाष्याचा. मध्यें एक परिवर्तक बसवावा. तो जुन्या गतीनें येणाऱ्या ओळी आपल्या स्मृतींत सांठवितो आणि नव्या गतीनें पडद्यास देतो. परंतु सगळेच दुभाषे सारखे नसतात. या संगणकाच्या ६४० ठिपक्यांच्या चित्रांत ठिपके सेकंदास १ कोटी ६० लाख या वेगानें निघतात. यास १५,६२५ नें भागिलें असतां एका ओळीच्या काळांत बरोबर १,०२४ ठोके पडतात. परिवर्तकानेंही ओळीचे तितकेच भाग पाडले, तर अक्षर रेखीव उमटतें. भलताच आंकडा धरला, तर अक्षरांच्या उभ्या रेघा कोठें जाड, कोठें पुसट दिसतात. स्वस्त परिवर्तकांत हा दोष नेहमीं आढळतो. याच संगणकासाठीं हौशी मंडळींनीं प्रथम रचलेलें 'आरजीबी-टू-एचडीएमआय' नांवाचें साधन हे ठोके नीट साधतें. तें 'रास्पबेरी पाय झीरो' या चिमुकल्या संगणकावर चालतें व त्याची रचना सर्वांस खुली आहे.

शेवटीं आकार. जुना पडदा रुंदीस चार तर उंचीस तीन या प्रमाणाचा असे. नवा सोळास नऊ. प्रमाण चारास तीन ठेवण्याची सोय पडद्यांत किंवा परिवर्तकांत शोधावी, नाहींतर मुलांनीं काढलेलें वर्तुळ लंबगोल होतें.

इतकें साधलें म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीं विद्यार्थ्यांनीं लिहिलेली आज्ञावली, तबकडी सुस्थितींत असल्यास, पुन्हां वाचतां येते. यंत्र भंगारांत घालण्यापूर्वीं निदान ते दोन स्वर ऐकावे. तेवढें त्याचें म्हणणें ऐकून घेणें न्यायाचें होय.