इंजिनकाम झालं, पण गाडी सुरू होईना?
लगेच पुन्हा हेड उघडू नका! सेल्फ मारल्यावर नुसती टिकटिक येत असेल, तर इंजिनची अर्थिंग वायर बघा. जोडताना ती हमखास राहते.

सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही? जुन्या डिस्ट्रिब्युटरवाल्या गाडीत माझा पहिला संशय टायमिंगवर. कॅमच्या एका फेऱ्यात क्रँकचे 2 फेरे होतात, म्हणून पुलीची खूण दोनदा जुळते. कॉइलची वायर काढा, 1 नंबरचा प्लग खोला, भोकावर अंगठा धरून पान्यानं क्रँक फिरवा. हवा अंगठ्याला ढकलू लागली आणि खूण जुळली, की तोच कॉम्प्रेशन स्ट्रोक. रोटर तेव्हा 1 नंबरच्या वायरकडे हवा. माझ्या गाडीत तो नेमका विरुद्ध बाजूला होता, कार्ब्युरेटरमधून फटाके फुटत होते. डिस्ट्रिब्युटर काढला, रोटर अर्धा फेरा फिरवून बसवला, आणि पहिल्याच सेल्फला इंजिन धडधडलं!