लोखंडाची कवचकुंडले

परिसाच्या स्पर्शाने लोखंडाचे सोने होते, ही कल्पना आपल्या संतवाङ्मयात वारंवार येते. एरवी मात्र लोखंडाच्या नशिबी सोने होणे नाही, माती होणे आहे. खाणीतून ते निघते तेच मुळी ऑक्सिजनशी संयोग पावलेल्या तांबूस दगडाच्या रूपात. भट्टीत प्रचंड उष्णता देऊन माणूस त्यातून धातू वेगळा करतो आणि संधी मिळताच तो धातू मूळ रूपाकडे परत वळतो. या परतीच्या वाटेलाच आपण गंजणे म्हणतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांपासून आपल्या घराच्या कठड्यापर्यंत ही क्रिया सतत चालू असते. ती थोपविण्याचे आजचे एक प्रमुख साधन म्हणजे बहुवारिकांचे, अर्थात पॉलिमरचे, लेप.

गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. लोखंडावर ओलावा साचला की पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म विद्युतघट तयार होतात. एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून दुसऱ्या जागी जातात व तेथे पाणी आणि ऑक्सिजन त्यांचा स्वीकार करतात. पाण्यात विरघळलेले क्षार हे मंडल पुरे करतात. म्हणूनच समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत किंवा गंधकयुक्त धुराच्या सान्निध्यात लोखंड लवकर गंजते. ॲल्युमिनियमचे तसे नाही. त्याच्यावर हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ऑक्साइडचा एक पातळ, घट्ट थर आपोआप बसतो. कर्णाप्रमाणे ते कवच घेऊनच जन्माला येते. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र व ठिसूळ असतो. तो गळून पडतो आणि आतला धातू पुन्हा उघडा पडतो. त्याला कवच बाहेरूनच द्यावे लागते.

नाशिककरांना ही कल्पना नवी नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आपले गाव प्रसिद्ध आहे. अशा भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, म्हणून आतून कल्हई करतात. कल्हईवाला भांडे तापवितो, नवसागराने आतली बाजू स्वच्छ करतो आणि मगच २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने फिरवितो. नवसागराचे काम नीट झाले नाही तर कथील धरत नाही. लेपापेक्षा लेपाची पूर्वतयारी महत्त्वाची, हे तत्त्व त्याने केव्हाच ओळखले आहे.

बहुवारिक म्हणजे लहान रेणूंची साखळी जोडून झालेला महारेणू. गंजरोधक लेपांत इपॉक्सीचे स्थान मोठे आहे. राळ आणि तिला घट्ट करणारे द्रव्य वेगवेगळ्या डब्यांत मिळतात. ती एकत्र केली की साखळ्या परस्परांत गुंफून जाळे तयार होते. असा लेप पाण्याला पूर्ण अडवितो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः पाण्याची वाफ व ऑक्सिजन थोड्या प्रमाणात प्रत्येक लेपातून झिरपतातच. लेपाचे खरे काम दोन प्रकारचे असते : धातूला इतके घट्ट चिकटून राहणे की मध्ये पाण्याला जागा उरू नये, आणि विद्युतभारित कणांची ये-जा रोखून ते मंडल पुरे होऊ न देणे.

मोठ्या पोलादी बांधकामांवर बहुधा तीन थर देतात. पहिल्यात जस्ताची पूड असते. ओरखडा पडलाच तर जस्त स्वतः झिजते व लोखंडाला वाचविते. मधला जाड थर इपॉक्सीचा. पण इपॉक्सी उन्हाने खडूसारखी पिठूळ होते, म्हणून वर पॉलियुरेथेनचा थर येतो. तिन्हींची जाडी मिळून पाव मिलिमीटरच्या आसपास भरते. पण त्याआधी पोलादावर बारीक कणांचा जोरदार मारा करून गंज काढावा लागतो. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशांनी अधिक असावे लागते. आत क्षार राहिले तर ते पाणी ओढून घेतात आणि लेपाला फोड येतात. लेप देताना राहून गेलेल्या जागेला इंग्रजी परिभाषेत ‘हॉलिडे’, म्हणजे सुट्टी, म्हणतात. रंगाऱ्याच्या या सुट्टीत गंज मात्र कामावर हजर असतो!

या गोष्टीचे मोल किती, हे गोव्याने अनुभवले आहे. पणजीजवळ मांडवीवरचा पूल १९७० साली वाहतुकीस खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. काँक्रीटला ताण देणाऱ्या आतल्या पोलादी तारा खाऱ्या हवेत गंजल्या होत्या. अवघ्या सोळा वर्षांचे ते आयुष्य! गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो आणि काँक्रीटला आतून तडे पाडतो. मग सळयांना इपॉक्सीचा लेप दिला की झाले, असे वाटेल. अमेरिकेत फ्लॉरिडाच्या समुद्रावरील पुलांत तसा प्रयोग झाला होता. परंतु त्याच १९८६ साली तेथील लेप दिलेल्या सळयाही गंजू लागल्याचे आढळले. लेपाला बारीक इजा झाली होती व त्याची धातूवरची पकड सुटली होती. कवच असणे पुरेसे नाही, ते अभंग असावे लागते.

या कवचाची किंमत पैशातच मोजून भागणार नाही. गंज काढण्यासाठी वाळूचा मारा करणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ साचून सिलिकोसिस होतो. पॉलियुरेथेनमधील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. वाळूऐवजी पोलादाच्या गोळ्या वापरणे, शुद्ध हवेचा मुखवटा देणे हे उपाय ज्ञात आहेत. ते अमलात आणणे हा रसायनशास्त्राचा नव्हे, समाजाच्या जागरूकतेचा प्रश्न आहे. आणि येथे कलाशाखेचे विद्यार्थीही या विषयाचे भागीदार ठरतात.

रंगाचा वरचा थर चढला की खालची सफाई कशी झाली, हे कोणालाच दिसत नाही. तेव्हा गावातल्या एखाद्या पुलाला, पाण्याच्या टाकीला किंवा घरच्या कठड्याला रंग लागताना दिसला, तर रंग कोणता आहे एवढेच न पाहता त्याआधी गंज नीट खरवडला का, हेही आपण विचारावे. तो प्रश्न विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही.