रूमवरचं पहिलं लाटणं

शिक्षणासाठी घर सोडताना बॅगेत चार्जर जातो, मार्कशीटच्या झेरॉक्स जातात, चादर जाते. लाटणं काही कोणी भरत नाही. मग ते विकत घ्यायची वेळ येते तेव्हा बघायचं काय, आणि घेतल्यावर ते टिकवायचं कसं?

टोकावड्याहून कल्याणच्या कॉलेजला रोज जाऊन-येऊन करायचं म्हणजे दिवसाचे कित्येक तास एसटीत. म्हणून बारावीनंतर बरेच जण दोघं-तिघं मिळून मुरबाडला किंवा कल्याणला रूम घेतात. पहिले पंधरा दिवस मेसचा डबा, मग वडापाव, मग मॅगी. महिनाअखेरीला हिशोब जुळेनासा झाला की कोणीतरी म्हणतं, ‘आपणच करू या ना जेवण.’ भाताचा कुकर लागतो, डाळही होते. गाडी अडते ती चपातीपाशी.

आपल्याकडे याला एक कारणही आहे. मुरबाड-शहापूर म्हणजे भाताचा पट्टा. रोजची भाकरी तांदळाची, उकड काढून मळायची आणि थापायची. तिला लाटणं लागतच नाही. चपाती पूर्वी सणाला, पाहुण्याला आणि आता डब्याला. त्यामुळे घरात लाटणं असतं ते एकच, आईच्या हाताला बसलेलं, आणि ते ती रूमवर नेऊ देत नाही. मग घाईघाईत चकचकीत दिसेल ते उचललं जातं. एका पावसाळ्यात ते वाकतं नाहीतर चिकट होतं, आणि आपण ठरवून टाकतो की आपल्याला चपात्या जमत नाहीत. खरं तर कितीदा तरी दोष हाताचा नसतो, लाटण्याचा असतो.

लाकूड कोणतं?

बाजारात साधारण चार प्रकार दिसतात. आंब्याचं किंवा तसलंच हलकं लाकूड स्वस्त असतं, पण पाणी लवकर पितं आणि त्यावर खड्डेही लवकर पडतात. सागवान आपल्या ओळखीचं. त्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे ओल आणि किडा दोन्हींना ते चांगलं टिकतं. बाभूळ कणखर आणि जड. शिसवी लाटणं काळपट, गुळगुळीत आणि वजनदार. यात एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या सह्याद्रीतला शिसव आणि उत्तरेकडचा शिसम ही जवळच्या नात्यातली, पण दोन वेगळी झाडं आहेत. दुकानात ‘शिसम’ म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा उत्तरेकडचं असतं. लाटण्याला ते उत्तमच आहे, फक्त नाव ऐकून जास्तीचे पैसे मोजू नका.

वजनाचा फरक हाताला लगेच कळतो. एक घनमीटर सागवान साधारण ६५० किलो भरतं, तर शिसम पावणेआठशेच्या आसपास. जड लाटण्यात दाबायचं काम लाटणंच करतं, आपण नुसतं फिरवायचं. नवशिक्यासाठी हे सोयीचं. पण दहा-बारा चपात्या एका दमात लाटायच्या असतील तर फार जड लाटण्याने मनगट भरून येतं. म्हणून दोन-तीन लाटणी हातात घेऊन बघा. जे हाताला बरं वाटेल ते आपलं.

आकाराचं गणित

दोन्ही टोकांना मुठी असलेलं जाड लाटणं आणि मधे किंचित फुगीर, टोकांकडे निमुळतं होत जाणारं लाटणं, हे दोन मुख्य आकार. रोजच्या चपातीसाठी दुसरं घ्या. त्याच्या निमुळतेपणामुळे एका हाताचा दाब किंचित वाढवला की चपाती पोळपाटावर आपोआप गोल फिरते. ‘आईची चपाती फिरते, माझी का नाही?’ याचं अर्धं उत्तर या आकारात आहे आणि उरलेलं अर्धं सरावात. लांबी १२ ते १४ इंच पुरे. अंगावर आडव्या खाचा असलेलं लाटणं पापडासाठी असतं. चुकून ते आणलंत तर चपातीवर रेघा उमटतील.

दुकानात पाच मिनिटं

टोकावड्याच्या बाजारपेठेत घ्या, मुरबाडला घ्या नाहीतर म्हशाच्या जत्रेत. पण ‘काका, जरा दुसरं दाखवा’ म्हणायला लाजू नका.

आधी लाटण्याचं टोक बघा. कापलेल्या तोंडावर झाडाची वर्षवलयं दिसतात. त्या वर्तुळांचा मध्यबिंदूच तोंडावर दिसत असेल तर ते बारीक फांदीचं किंवा झाडाच्या गाभ्याचं लाकूड. असं लाटणं वाळताना मध्यापासून बाहेर चिरत जातं. वलयांच्या नुसत्या कमानी दिसल्या तर उत्तम.

मग अंगावरच्या रेषा बघा. त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या हव्यात. रेषा तिरप्या बाहेर पडत असतील तर तिथे पुढे कुसळं निघतात. गाठ असेल तर ठेवून द्या.

तिसरी परीक्षा काउंटरच्या काचेवर. लाटणं हलकेच गडगडू द्या. ते उड्या मारत गेलं किंवा टोक डगमगलं तर वाकडं आहे. निमुळत्या लाटण्याची दोन्ही टोकं काचेपासून सारखीच वर दिसली पाहिजेत.

शेवटी ओला पांढरा रुमाल घासा. रंग उतरला तर लाकूड रंगवलेलं आहे, आणि तो रंग उद्या कणकेत उतरणार. चकचकीत व्हार्निशही नको. त्याचे पापुद्रे सुटतात.

खरेदीची वेळही महत्त्वाची. पौष पौर्णिमेला भरणारी म्हशाची जत्रा बैलबाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण संसाराचं सामानही तिथे भरपूर येतं. त्या दिवसांत हवा कोरडी असते, म्हणजे लाकूडही कोरडं. ऐन श्रावणात घेतलेलं लाटणं ओल धरलेलं असू शकतं, ते दिवाळीनंतर आकसतं.

पाणी हा खरा शत्रू

लाकूड कापलं तरी हवेतली ओल घेणं-सोडणं थांबवत नाही. ओल घेतली की ते फुगतं, पण सगळीकडे सारखं नाही. लांबीत जेमतेम आणि जाडीत बरंच, त्यातही वलयांच्या कडेने जवळपास दुप्पट. म्हणून भांड्यांबरोबर रात्रभर बेसिनमध्ये पडलेलं गोल लाटणं सकाळी नकळत लंबगोल झालेलं असतं. वरून वाळतं, आतून ओलं राहतं आणि या ओढाताणीत तडा जातो.

तेव्हा लाटणं भिजत घालायचं नाही. चिकटलेल्या कणकेवर कोरडं पीठ चोळा, ती सुटून येते. मग ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरड्याने पुसा आणि हवेशीर जागी उभं ठेवा. तेलकट झालंच तर थोडा साबण लावून पटकन धुवा. उन्हात तापत ठेवू नका. माळशेजच्या पायथ्याला जुलैमध्ये कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे बंद डब्यातल्या किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या लाटण्यावर बुरशी येणारच. भिंतीला खिळा मारून त्याला टांगणं किंवा उघड्या रॅकवर ठेवणं हा सोपा उपाय.

महिन्या-दोन महिन्यांनी तेल लावा. इथेच बहुतेकांचा घोळ होतो. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल हवेने चिकट होतं आणि खवट वास मारतं. खोबरेल त्यामानाने बराच काळ टिकतं. मात्र शुद्ध घ्या, केसांचं सुगंधी नको. मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन खवट होतच नाही. चार थेंब चोळा, रात्रभर राहू द्या, सकाळी जास्तीचं पुसून टाका. अंग खरखरीत झालं तर आधी १२० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने फिरवा आणि पुन्हा तेल लावा. जुनं लाटणं नव्यासारखं होतं. खोल तडा गेला असेल तर मात्र निरोप द्या, फटीत अडकलेली कणीक आंबते.

‘प्लॅस्टिक जास्त स्वच्छ नाही का?’ असं कोणी विचारेल. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात भाजी-मटण कापायच्या पाटांवर याचा अभ्यास केला. लाकडावरचे जंतू आत ओढले गेले आणि पुन्हा वर आले नाहीत. सुरीचे ओरखडे पडलेलं प्लॅस्टिक मात्र हाताने धुऊन नीट निर्जंतुक होईना. अभ्यास पाटांचा होता, लाटण्याचा नाही. तरी लाकूड म्हणजे अस्वच्छ, असं सरसकट म्हणता येत नाही एवढं त्यातून नक्की कळतं.

हातात कोणाच्या?

लाटण्याला महाराष्ट्रात दुसराही इतिहास आहे. १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बायका थाळ्या आणि लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. ‘लाटणे मोर्चा’ हा शब्द तेव्हापासून ओळखीचा झाला. त्याआधी, १९५९ मध्ये, गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून ‘लिज्जत’ उभं राहिलं. दोन्हीकडे लाटणं बाईच्याच हातात होतं, कारण घरातही ते तिच्याच हातात होतं.

रूमवर हे बदलू शकतं. तिथे बहीण नसते, वहिनी नसते, सांगायला कोणीच नसतं. भूक लागते तेव्हा कणीक ज्याची त्यानेच मळायची. मुलांनो, पहिल्या चार चपात्या नकाशासारख्या होतील, होऊ द्या. आणि मे महिन्यात घरी जाल तेव्हा आईच्या हातातलं लाटणं मागून घ्या. रूमवरचं जसं दहा जणांच्या हाताखाली घडतं, तसं घरचंही घडू दे.

थोडक्यात

◆ एकसंध लाकूड, सरळ रेषा, गाठ नाही, रंग-व्हार्निश नाही.
◆ टोकावर वलयांचा मध्यबिंदू दिसला तर घेऊ नका.
◆ काचेवर गडगडवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.
◆ भिजत घालू नका, पुसून हवेशीर ठेवा.
◆ खोबरेल किंवा लिक्विड पॅराफिन, महिन्या-दोन महिन्यांनी चार थेंब.