पाय टेकला की दंड

डोंगरातला ओढा, शेवाळलेले धोंडे, त्यातून वर चढणारी पन्नासेक पावलांची वाट आणि दोन्ही बाजूंना खुणा. एवढ्या वाटेतून मोटारसायकल न्यायची, मात्र पाय जमिनीला लावायचा नाही. एकदा टेकला तर एक गुण दंड, दोनदा टेकला तर दोन, तीनदा किंवा त्याहून जास्त वेळा टेकला तर तीन. पडलात किंवा खुणांच्या बाहेर गेलात तर पाच. काठावर उभा असलेला निरीक्षक कार्डावर टिकमार्क करतो. त्या टप्प्याला किती सेकंद लागले हे तो विचारत नाही. सगळ्यात चांगला निकाल म्हणजे शून्य.

या खेळाला ट्रायल्स म्हणतात. १९०९ साली स्कॉटलंडमध्ये पाच दिवसांची एक स्पर्धा भरली. १९११पासून ती सहा दिवसांची झाली आणि ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ या नावाने आजही दर मे महिन्यात फोर्ट विल्यमच्या परिसरात होते. मात्र मला भुरळ पडते ती तिथल्या अद्ययावत गाड्यांची नव्हे. १९५०, ६० आणि ७०च्या दशकांतल्या जुन्या ट्रायल्स गाड्या अजून हौसेने जपणारी आणि चिखलात घालणारी माणसं आहेत, मला त्यांच्या गाड्यांची ओढ आहे. बाकी जगातल्या मोटारसायकली जोरात पळाव्यात म्हणून घडल्या, या मात्र माणसाच्या चालीने चालाव्यात म्हणून. एकदा हे लक्षात आलं की त्यांचा प्रत्येक भाग वेगळाच दिसू लागतो.

शाळेच्या स्नेहसंमेलनात स्लो सायकलची शर्यत असायची, ती आठवा. सायकल हळू झाली की हँडल दोन्हीकडे वळवत तोल सांभाळावा लागे. इथे तेच, फक्त सायकल शंभर किलोंची आणि खाली गोटे. ताशी पाच किलोमीटर वेगाने जाताना या गाडीचं पुढचं चाक दीड सेकंदात एक फेरा पुरा करतं. इतक्या संथ फिरणाऱ्या चाकाकडून गाडी सरळ ठेवायला काडीची मदत मिळत नाही. सगळं काम हँडल आणि चालवणाऱ्याच्या अंगावर येतं. म्हणून हँडल जवळजवळ काटकोनात वळेल इतकं मोकळं, फूटरेस्ट खाली आणि मागे सरकवलेले, आणि सीट नावापुरती. चालवणारा उभाच असतो. वळताना तो गाडी आत कलवतो आणि स्वतः बाहेरच्या बाजूला झुकतो. हमरस्त्यावर वळण घेणारे आपण याच्या बरोबर उलट वागतो.

आता इंजिन. फोर-स्ट्रोक, एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला हजार फेरे घेतं तेव्हा त्यात पाचशे वेळा ठिणगी पडून पेट्रोल पेटतं, म्हणजे सेकंदाला आठ वेळा. गाडी ताशी पाच किलोमीटरने जात असेल तर एका धक्क्यापासून दुसऱ्या धक्क्यापर्यंत ती सुमारे सतरा सेंटिमीटर पुढे सरकते. दर वीतभर अंतराच्या आत एक धक्का! मधल्या वेळात इंजिन फिरत ठेवतं ते फ्लायव्हील. फिरणाऱ्या चकतीतली ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत असते. फेरे निम्मे झाले की ऊर्जा पाववर येते. एवढ्या कमी फेऱ्यांत पुरेसा साठा हवा तर चकती जड करण्याशिवाय गत्यंतर नाही. शर्यतीच्या गाडीचे मेकॅनिक फ्लायव्हील कातून हलकं करतात, ट्रायल्सवाले त्याला वजन जोडतात. समोर गुडघाभर उंचीची पायरी आली की कसलेला चालक पायथ्याशी क्षणभर ॲक्सिलरेटर पिळतो आणि सोडतो. गाडी वर चढते ती बरीचशी त्या चकतीत नुकत्याच साठवलेल्या जोरावर.

आणि टायर. आपल्या गाडीत आपण तीसेक पौंड हवा भरतो. इथे मागच्या टायरमध्ये जेमतेम चार-पाच पौंड. बोटाने दाबला तरी आत जाणारा तो टायर दगडाला मिठी मारतो, त्याच्या खाचाखोचांत शिरतो. एवढ्या कमी हवेत टायर रिममध्येच फिरून ट्यूबचा व्हॉल्व्ह उखडेल, म्हणून त्याला आतून बोल्टने रिमवर आवळून ठेवतात.

या साऱ्याचा इतिहास दोन गाड्यांत मावतो असं मला वाटतं. पहिली एरियल. बेलफास्टच्या सॅमी मिलरने आपल्या ५०० सीसी एरियलमधला मिळेल तिथला लोखंडाचा कण काढून ती सुमारे ११० किलोंवर आणली. तिचा नंबर जीओव्ही १३२ इंग्लंडमधल्या शौकिनांना तोंडपाठ आहे. तिच्यावर त्याने १९६२ आणि १९६४ची सिक्स डेज जिंकली. मग त्याने सगळ्यांना धक्का दिला. स्पेनच्या बुल्टॅको कंपनीत जाऊन बारा दिवसांत त्याने एक टू-स्ट्रोक गाडी घडवून घेतली, ती शेर्पा. वजन नव्वदेक किलो, इंजिन एरियलच्या निम्मं. १९६५ साली याच गाडीवर तो पुन्हा जिंकला, आणि भारदस्त ब्रिटिश फोर-स्ट्रोक गाड्यांचे दिवस तिथेच भरले. पुढच्या दहा वर्षांत माँटेसा, ओसा, यामाहा, होंडा सगळेच या आखाड्यात उतरले. मिलरची एरियल आज न्यू मिल्टन इथे त्याच्याच संग्रहालयात आहे.

या इतिहासातलं एक पात्र मात्र आपल्या गल्लीत उभं असतं. १९४८च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या कोलमोर कप ट्रायलमध्ये रॉयल एनफिल्डने नव्या बुलेटचे नमुने उतरवले. त्यांना मागे झुलता आर्म आणि शॉकॲब्सॉर्बर होते. मागचं चाक वरखाली झालं तर पकड जाईल, अशी तेव्हाच्या जाणकारांची ठाम समजूत होती. घडलं उलटच. चाक जमिनीचा चढउतार धरून चालू लागलं. जॉनी ब्रिटेनने बुलेटवर १९५२ आणि १९५७ची सिक्स डेज जिंकली. १९५५पासून मद्रासला जोडली जाऊ लागलेली, पुढे पोलीस, लष्कर आणि लग्नाच्या वरातीत दिमाखाने मिरवलेली आपली बुलेट तरुणपणी असे ओढे चढत होती! २०१९ साली कंपनीने ‘बुलेट ट्रायल्स’ नावाने तिची आठवण भारतात पुन्हा बाजारात आणली, पण ती फार काळ टिकली नाही.

जुन्या गाडीची निगा राखण्यात मला तर चालवण्याइतकीच मजा दिसते, कारण तिथेही सगळा जीव मंद गतीत अडकलेला असतो. कार्बोरेटरचा मोठा जेट ॲक्सिलरेटर पूर्ण पिळल्यावर कामाला येतो. ट्रायल्सवाला तिथवर क्वचितच पोचतो. त्याचा संसार पहिल्या पाव फेऱ्यात चालतो, म्हणजे पायलट जेट आणि स्लाइडच्या खालच्या तिरक्या कापावर. पायलट जेटचं केसासारखं बारीक छिद्र शिळ्या पेट्रोलच्या चिकट थराने बुजतं. तार घालून ते साफ करायचा मोह आवरावा, कारण छिद्र मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. जुन्या अमाल कार्बोरेटरची स्लाइड आणि बॉडी एकाच मऊ धातूची. दोन्ही एकमेकींना घासून झिजतात, फटीतून हवा शिरते आणि आयडलिंग कधी चढतं, कधी पडतं. रस्त्यावरच्या गाडीत हे खपून जाईल. ओढ्याच्या मधोमध इंजिन एकदा खोकलं की पाच गुण गेले.

टू-स्ट्रोकची गोष्ट याहून गमतीची. तिथे क्रँककेस म्हणजे एक पंपच असतो. दोन्ही टोकांची रबरी सील वयामुळे सुकली की पंप गळतो. एका बाजूने हवा आत आली की मिश्रण पातळ होऊन इंजिन आपोआप वर पळतं, ॲक्सिलरेटर सोडला तरी खाली येईना. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल शोषून घेतं आणि पांढऱ्या धुराचे लोट निघतात. जाणकार माणूस नुसता आवाज आणि धूर पाहून कुठलं सील गेलं ते सांगतो. बुलेटच्या टॅपेटचं तंत्र तर इतकं साधं की हसू येतं. इंजिन गार असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली हलू नये. झालं. मापाची पट्टीही लागत नाही.

फायबरग्लासच्या टाक्या ही नवी डोकेदुखी. बुल्टॅकोसारख्या गाड्यांच्या त्या देखण्या टाक्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने आतून मऊ पडतात, विरघळलेली राळ कार्बोरेटरमध्ये उतरते. काही जण आतून लेप देतात, काही जण ॲल्युमिनियमची टाकी बसवून घेतात आणि जुनी भिंतीवर टांगतात.

सिक्स डेजच्या आधी फोर्ट विल्यमशेजारच्या किनलॉखलेव्हन गावात १९६५पूर्वीच्या गाड्यांची वेगळी दोन दिवसांची स्पर्धा होते. तिथल्या जलविद्युत प्रकल्पाच्या नळांशेजारून चढणारा ‘पाइपलाइन’ नावाचा टप्पा बघायला माणसं डोंगर चढून जातात. पण त्या गाड्यांत १९६५पूर्वीचं नेमकं किती उरलंय, यावर तिथे वाद झडतो. फ्रेम नवी, हब नवे, फोर्कच्या आतलं सगळं नवं, आणि ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या झाकणाखाली इलेक्ट्रॉनिक इग्निशन लपवलेलं. वजनासाठी बाकीचं सोडून द्यायला मी तयार आहे, पण पॉइंट मात्र ठेवावेत. इलेक्ट्रॉनिक डबी डोंगरात बंद पडली की गाडी ढकलतच खाली आणावी लागते. पॉइंट मात्र दगडावर बसून, बारीक कानशीने घासून, बिडीच्या पाकिटाचा कागद फटीत घालून पुन्हा लावता येतात.