वार खाली आहे म्हणजे काय?

सोनोग्राफीच्या कागदावर 'वार खाली आहे' असे लिहून आले की घरभर काळजी पसरते. सासूबाई तसबीह हाती घेतात, सून उठाबस करायलाही घाबरते. वार म्हणजे काय हे आपण समजून घेतले, तर उगाच वाटणारी भीती कमी होईल आणि खरा धोका वेळीच ओळखता येईल.

गर्भधारणेनंतर साधारण आठवड्याने इवलासा गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. वार मुख्यतः त्याच्याच बाहेरच्या पेशींपासून बनते. पाळी चुकल्यावर लघवीच्या तपासणीत दिसणारी रेघ याच पेशींच्या संप्रेरकामुळे उमटते. तिसऱ्या महिन्यात गर्भ टिकवणारी संप्रेरके तयार करण्याचे काम वार स्वतःकडे घेते. मुळांसारखे तिचे तंतू आईच्या रक्तात बुडालेले असतात. त्यांतून प्राणवायू आणि अन्न बाळाकडे जाते, टाकाऊ द्रव्ये आईकडे परततात. तरी दोघांचे रक्त सहसा मिसळत नाही. अल्लाह तआलाची ही कारागिरी पाहून मन थक्क होते. दिवस भरेपर्यंत वार सुमारे अर्धा किलो वजनाची होते. शेवटच्या महिन्यांत आईची रोगप्रतिकारक द्रव्येही तिच्यातूनच बाळाला मिळतात.

पाचव्या महिन्यात वार खाली दिसली, तरी गर्भाशयाचा खालचा भाग वाढतो तशी बहुतेकींची वार वर जाते. म्हणून 32 आठवड्यांच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी करतात. तेव्हाही ती गर्भाशयाच्या तोंडावर असेल, तर सिझेरियन करावे लागते. पोट न दुखता रक्त गेले, तरी 'सकाळी पाहू' म्हणू नये. दाईकडून आतून तपासणी करून घेऊ नये. थेट मोठ्या दवाखान्यात जावे.

मिशरी आणि तंबाखूमुळे वारेकडे जाणारे रक्त कमी होते, म्हणून त्या सोडाव्यात. रक्तदाब दर भेटीत तपासून घ्यावा. रोज्याने आईला किंवा बाळाला अपाय होण्याची भीती असेल, तर शरीयतने सवलत दिली आहे. ती घेण्यात संकोच कसला?

बाळ जन्मल्यावर वार बहुधा अर्ध्या तासात पडते. ती पडली नाही, तर घरी ओढू नये. आपल्या अनेक घरांत वार मातीत पुरतात. त्याआधी ती अख्खी पडली का, हे डॉक्टर किंवा नर्सला पाहू द्यावे. आत राहिलेला लहानसा तुकडाही बाळंतिणीच्या जिवावर बेतू शकतो.