दोन चाकांचं गणित (लेखांक ६) : चाकातला एक ग्रॅम

गेल्या आठवड्यात गिअर पाहिले, आता चाक. नवी सायकल घेणाऱ्याला मित्र आणि दुकानदार एकमुखानं सांगतात, चाकातला एक ग्रॅम म्हणजे फ्रेममधले दोन. यात खोटं काही नाही. रिम, टायर, ट्यूब सायकलबरोबर पुढे जातात आणि शिवाय गरगर फिरतातही, त्यामुळे त्यांना वेग द्यायला जवळपास दुप्पट ऊर्जा लागते. मधल्या हबला मात्र हे लागू नाही. ते आसालगत फिरतं.

पण दुप्पट म्हणजे किती? सायकल आणि स्वार मिळून ८० किलो धरा. हलके टायर-ट्यूब टाकून दोन्ही चाकांचे मिळून ४०० ग्रॅम वाचवले. व्हरायटी चौकातला सिग्नल सुटला आणि तुम्ही ताशी ३० किलोमीटरचा वेग गाठलात (तिथल्या गर्दीत जमलं तर!). ऊर्जा लागली सुमारे २,८०० ज्यूल, वाचले २८. दीडशे वॅटनं पेडल मारणाऱ्याला हे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याचं काम. पुढे वर्धा रोडवर एकदा वेग धरला की तेवढाही फायदा उरत नाही. भांडण मुख्यतः हवेशी.

चढावर वजन बोचतं, पण तिथे दुपटीचा नियम सुटतो, ग्रॅमला ग्रॅमच. परतवाड्याहून चिखलदऱ्यापर्यंत सुमारे ७०० मीटर चढताना हे ४०० ग्रॅम पंधरा-वीस सेकंद वाचवतील. नागपुरातला चढ म्हणजे जेमतेम सेमिनरी हिल्सचा!

एका तासात जास्तीत जास्त अंतर कापायच्या विक्रमातही हेच दिसलं. १९७२ मध्ये एडी मर्क्स यांनी मेक्सिको सिटीत पावणेसहा किलोच्या सायकलवर ४९.४३१ किलोमीटर कापले. १९८४ मध्ये तिथेच फ्रान्चेस्को मोझर अधिक वजनाच्या सायकलवर बसले, चाकं तबकडीसारखी बंद, आणि ५१.१५१ किलोमीटर गेले. वजन वाढलं, हवेचा अडथळा घटला.

आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ एकट्यानं पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या आत. झोप, थांबे धरून सरासरी ताशी १७ किलोमीटर. तिथे सिग्नलवरची झेप कोण मोजतं?

मग हलकी चाकं बसवल्यावर सायकल पळते असं का वाटतं? बहुतेकदा श्रेय टायरचं. चाकांबरोबर टायरही नवे येतात, आणि मऊ, लवचीक टायर रस्त्यावर कमी ऊर्जा खातो. त्याच ८० किलोला ताशी ३० च्या वेगात जाड, कडक टायर ५० वॅट घेत असेल, तर चांगला टायर ३३ च्या आसपास. हे १७ वॅट क्षणोक्षणी वाचतात. म्हणून माझा सल्ला, महागड्या रिमकडे बघण्याआधी टायर बदला आणि मिस्त्रीकडून चाकाचा आउट काढून घ्या. ब्रेकला घासणारं चाक कितीही हलकं असलं तरी पैसे वायाच.

टायरमध्ये हवा किती भरायची, आणि मे महिन्यातल्या ४५ अंशांत त्या हवेचं काय होतं, ते पुढच्या आठवड्यात.